आधी गोल आणि चौकोन, मग प्रयोगशाळा

प्रश्न विचारणारे नागपुरात बालरोगशास्त्रात एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. लहान मुलांच्या आनुवंशिक कॅन्सरवर काम करायचं आहे, रुग्णही पाहायचे आहेत आणि संशोधनही सोडायचं नाही. ते विचारतात : हे नागपुरात राहून जमतं का, की मुंबई-दिल्ली किंवा परदेश गाठावाच लागतो? आधी डीएम, म्हणजे एमडीनंतरची अतिविशेष पदवी, की आधी पीएचडी? आणि जाता जाता, थीसिसला विषय काय घेऊ?

नागपुरात जमतं, पण जाऊन परत यावं लागतं. मी तेच केलं. कॅन्सरचं शिक्षण मुंबईत झालं, जनुकांचं काम दोन-अडीच वर्षं परदेशात शिकले आणि गेली वीसेक वर्षं इथेच आहे. क्रमाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. आधी रुग्ण, मग प्रयोगशाळा. उलट्या क्रमाने गेलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांना सिक्वेन्सिंगचा, म्हणजे जनुकक्रमाचा, डेटा वाचता येतो, पण समोर बसलेल्या बाईला काय विचारायचं ते सुचत नाही. आणि या विषयातली निम्मी माहिती त्या बाईकडेच असते.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गडचिरोलीकडची दोन वर्षांची मुलगी. चेहऱ्यावर पुटकुळ्या, आवाज घोगरा, गुप्तांगावर केस. चार महिने कुठलंसं मलम लावणं चालू होतं. सोनोग्राफीत मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत, म्हणजे ॲड्रिनलमध्ये, गाठ दिसली. लहान मुलांमध्ये ही गाठ इतकी दुर्मीळ आहे की ती दिसली की टीपी५३ या जनुकाची शंका घ्यायचीच. अशा मुलांपैकी किमान निम्म्यांमध्ये त्या जनुकात जन्मापासून बिघाड सापडतो.

मी कागद घेतला आणि वंशावळ काढायला बसले. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, वारलेल्यावर तिरकी रेघ, कॅन्सर झालेला असेल तर आतून काळा, आणि ज्या मुलासाठी हे सगळं चाललंय त्याच्याकडे बाण. आईला विचारलं, उत्तर सासूबाईंनी दिलं. ‘आमच्याकडं कोणालेच नाही. तिच्याकडलं मले माहीत नाही.’ आई खाली मान घालून बसलेली. पुन्हा विचारलं तर तीही म्हणाली, ‘नाही, कोणाले नाही.’ कागद स्वच्छ. एवढ्यावर थांबले असते तर फाइलमध्ये ‘कुटुंबात इतिहास नाही’ असं लिहून मोकळी झाले असते.

सासूबाईंना म्हटलं, योजनेच्या काउंटरवर रेशन कार्डाची झेरॉक्स द्यायची आहे, तेवढं करून येता का? त्या दाराबाहेर गेल्या आणि आई बोलायला लागली. ‘भाऊ होता मॅडम एक. दहावीत होता. गुडघ्यात गाठ आली, पाय कापला तरी गेला.’ आणि आई? ‘मी सातवीत होती तवा गेली. छातीत गाठ होती.’ आईचं वय तेव्हा किती असेल? बोटांवर हिशेब करून म्हणाली, चौतीस-पस्तीस.

पाच मिनिटांत कागदावर दोन काळ्या आकृत्या आल्या, दोन्ही माहेरच्या बाजूला. मामाचा ऑस्टिओसार्कोमा म्हणजे हाडाचा कॅन्सर, आजीचा तरुणपणीचा स्तनाचा कॅन्सर, मुलीची ॲड्रिनलची गाठ. घराण्यातल्या अशा आनुवंशिक आजाराला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात. रक्ताचा रिपोर्ट सहा आठवड्यांनी आला आणि त्याने कागदावरचंच पुन्हा सांगितलं.

पुढचं जास्त अवघड होतं. मुलीतला बदल आईकडून आलेला असणार, म्हणजे आईची तपासणी हवी, कारण बदल असेल तर तिच्या स्तनांची दरवर्षी एमआरआय व्हायला हवी. ती सत्तावीस वर्षांची. नको म्हणाली. ‘मले काही निघालं तर हिले कोण पाहीन?’ या प्रश्नाला कुठल्याही गाइडलाइनमध्ये उत्तर नाही. मी जोर केला नाही. दर भेटीत एकदा विषय काढायचा आणि सोडून द्यायचा, असं वर्षभर चाललं. मग एक दिवस मुलीच्या सोनोग्राफीला आली तेव्हा स्वतःच बाही वर केली. मुलगी एक, पण रुग्ण अख्खं घर असतं.

विदर्भात समजावून सांगताना एक सोय आहे आणि त्याच सोयीची एक अडचणही आहे. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत माहीत आहे. वाहक म्हणजे काय, दोघं वाहक असले तर पोराला त्रास होतो, हे गोंदिया-चंद्रपूरच्या खेड्यातली बाईसुद्धा सांगते. त्यामुळे आनुवंशिकता हा शब्द नवा वाटत नाही. पण मग रेटिनोब्लास्टोमाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरच्या गाठीच्या, मुलाचे वडील विचारतात, ‘आमचं दोघाइचं सिकल निगेटिव हाय, मंग पोराले कसं झालं?’ त्यांच्या मनात ‘आनुवंशिक म्हणजे दोघांकडून’ हे पक्कं बसलेलं असतं.

मी सायकलचं उदाहरण घेते. प्रत्येक पेशीला दोन ब्रेक, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. एक तुटला तरी दुसऱ्यावर सायकल थांबते. सिकलचा वाहक म्हणूनच आयुष्यभर ठणठणीत राहतो. डोळ्याच्या पडद्यातही एका ब्रेकवर पेशी नीटच चालते. फरक असा की तिथे वाढीच्या काळात लाखो पेशी भराभर दुभंगत असतात. सगळ्यांचाच एक ब्रेक जन्मापासून तुटलेला असेल, तर त्या लाखोंतल्या एखादीचा दुसराही केव्हातरी तुटणारच. म्हणून घराण्यात पाहिलं तर एकच बिघडलेली प्रत पुरते आणि प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी. पेशीत पाहिलं तर मात्र दोन्ही प्रती जाव्या लागतात. परीक्षेत हा प्रश्न नेहमी येतो आणि नेहमी पाठ करून लिहिला जातो. एखाद्या बापाला समजावून सांगा, मग तो कायमचा डोक्यात बसेल.

हे दोन ब्रेकचं गणित अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडलं. ते मूळचे बालरोगतज्ज्ञ. तेव्हा रेटिनोब्लास्टोमाचं जनुक सापडलेलं नव्हतं; ते, म्हणजे आरबी१, हाती लागलं १९८६ मध्ये. त्यांच्यापुढे होत्या रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ मुलांच्या नोंदी. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांचं निदान लहान वयात झालेलं, एकाच डोळ्यात असलेल्यांचं उशिरा. त्यांनी वयांचे आलेख काढले आणि एका रेषेवरून ‘इथे एकच धक्का (म्हणजे एकच ब्रेक तुटायचा) उरला होता’, दुसऱ्यावरून ‘इथे दोन लागले’ असा निष्कर्ष काढला. अठ्ठेचाळीस! आपल्याकडे मोठ्या नेत्र किंवा कॅन्सर रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये याहून अधिक फाइली धूळ खात पडलेल्या असतात.

ली आणि फ्रॉमेनी यांचंही तसंच. १९६९ मध्ये त्यांनी स्नायूंच्या गाठी झालेल्या ६४८ मुलांची कागदपत्रं चाळली, त्यातले बरेचसे मृत्यूचे दाखले, आणि त्यातून चार घराणी वेगळी काढली. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी ‘हा कौटुंबिक आजार असेल का?’ असं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. टीपी५३ चा संबंध कळला १९९० मध्ये, डेव्हिड माल्किन यांच्या कामातून. तेही मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर. एका प्रश्नचिन्हाचं उत्तर मिळायला एकवीस वर्षं लागली, आणि सुरुवातीचा मोठा भाग फाइली वाचण्याचाच होता. प्रयोगशाळा कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. नागपुरात यंत्रं नाहीत म्हणून हात बांधलेत, असं कुणी म्हणू लागलं की मला नुडसन आठवतात.

‘घरात कुणाला नाही, म्हणजे आनुवंशिक नाही’ हा गैरसमज मात्र डोक्यातून काढून टाका. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाने कॅन्सर झालेल्या १,१२० मुलांचे जनुकक्रम तपासले. ८.५ टक्क्यांमध्ये जन्मजात बिघाड निघाला. ज्यांच्या घरची माहिती उपलब्ध होती, त्यातल्या ४० टक्क्यांच्याच नात्यात कॅन्सर होता. बदल पहिल्यांदा त्याच मुलात घडलेला असू शकतो, दोन्ही डोळ्यांच्या रेटिनोब्लास्टोमात तर बहुतेकदा तसंच असतं. हे सांगितल्यावर एखाद्या सुनेच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो पाहण्यासारखा असतो. ‘तुझ्या माहेरून आलं’ हे तिने सहा महिने ऐकलेलं असतं.

आता शिक्षणाचं, पटकन. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी तीन, त्यानंतर नीट एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन डीएम आणखी तीन. इथे दोन वाटा फुटतात. बाल-कर्करोगाचं डीएम, त्यासाठी मुंबईचं टाटा मेमोरियल हे पहिलं नाव. किंवा वैद्यकीय आनुवंशिकीचं डीएम, लखनौचं एसजीपीजीआय, दिल्लीचं एम्स. मी पहिली वाट घेतली आणि आजही तीच सुचवीन. आनुवंशिकीवाल्याकडे मूल सल्ल्यासाठी येतं आणि जातं, कॅन्सरवाल्याकडे ते दोन-तीन वर्षं राहतं, आणि कुटुंब मोकळं व्हायला तेवढा वेळ लागतोच. पीएचडी नंतर करा, करायचीच असेल तर. मी केली नाही. पण प्रयोगशाळेत सलग दोन वर्षं तरी काढा, ओपीडी पूर्ण बंद ठेवून. दुपारी दोननंतर लॅबमध्ये जाईन असं ठरवणाऱ्यांची दुपार कधी होत नाही. संशोधनाला पैसे देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेच्या फेलोशिप डॉक्टरांनाही मिळतात आणि त्यातून हा मोकळा वेळ विकत घेता येतो. टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात कॅन्सर आनुवंशिकीचं काम बरीच वर्षं चालू आहे. निदान दोन-तीन महिने तिथलं क्लिनिक पाहून या.

प्रयोगशाळेत काय शिकायचं? माझ्या मते, सगळ्यात आधी नमुना. ल्युकेमियाच्या मुलाचं रक्त घेऊन जन्मजात बदल शोधता येत नाही, कारण रक्तातच कॅन्सर आहे; सापडलेला बदल जन्माचा की आजाराचा हे कळत नाही. लाळेतही रक्ताच्या पेशी असतात. म्हणून त्वचेचा छोटा तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या. त्याला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या वर्षांत इथून त्वचेचे नमुने बाहेरगावी पाठवायचो. नवतपा चालू होता, बाहेर शेहेचाळीस अंश, थर्मोकोलच्या डब्यातला बर्फ विमानतळावर पोचेपर्यंत वितळलेला. लागोपाठ तीन नमुने मेले. चौथ्या वेळी त्या मुलाच्या आईकडे पुन्हा संमती मागायला जायची हिंमत झाली नाही. ज्या पोराच्या पाठीत आठवड्याआड सुई जाते, त्याच्या मांडीवरून आणखी एक तुकडा कसा मागायचा? तेव्हापासून त्वचेचा नमुना घ्यायचाच तर भूल दिलेली असतानाच, दुसऱ्या एखाद्या प्रक्रियेबरोबर, आणि मे महिन्यात अजिबात नाही. कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट, रिपोर्टवर शंका घेणं. इथे माझी एक चूक सांगते. २०१३ च्या सुमारास एका मुलाच्या रिपोर्टमध्ये एक बदल ‘रोगकारक असण्याची शक्यता’ म्हणून आला. युरोपीय लोकांच्या माहितीसाठ्यात तो कुठेच नव्हता. मी तोच अर्थ घेतला आणि घरच्यांना बोलावून सांगितलं. सांगतानाचा माझा स्वर रिपोर्टपेक्षाही ठाम होता, हे आज कळतं. बातमी मुलाच्या मावशीपर्यंत पोचली, तिच्या होणाऱ्या सासरी पोचली, आणि ठरलेलं लग्न मोडलं. पुढच्याच वर्षी एक्झॅक नावाचा मोठा माहितीसाठा खुला झाला, साठ हजारांहून अधिक लोकांचा, त्यात आठ हजारांवर दक्षिण आशियाई. तो बदल त्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये चांगलाच आढळत होता. आपल्याकडच्या निरोगी माणसांत सर्रास असलेली गोष्ट, फक्त तोवर आपली माणसं कुणी मोजलीच नव्हती.

मी स्वतः फोन केला. वडील शांतपणे म्हणाले, ‘आता काय करायचं मॅडम या माहितीचं?’

तेव्हापासून रिपोर्ट हातात आला की आधी प्रयोगशाळेचा निष्कर्ष बाजूला ठेवून कच्चा पुरावा पाहते. ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल असेल तर त्यावरून कुणाचीही शस्त्रक्रिया, गर्भपात किंवा लग्न ठरवायचं नाही, हे घरच्यांना लिहून देते. आता इंडिजेन प्रकल्पातले हजारावर आणि जिनोम इंडियाचे दहा हजार भारतीय जिनोम उपलब्ध आहेत, परिस्थिती बरीच सुधारली आहे. तरी आपल्याकडच्या जाती-जमाती स्वतःतच लग्न करत आल्या, मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं. एका समाजात सर्रास असलेला बदल शेजारच्या समाजात औषधालाही सापडत नाही. गोंड किंवा माडिया कुटुंबाचा रिपोर्ट वाचताना दहा हजारांचा आकडा मला पुरेसा वाटत नाही. विदर्भात बसून करण्यासारखं संशोधन विचारत असाल, तर हेच आहे.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करून मुलाला काय मिळतं? उपचार बदलतात. टीपी५३ चा बदल असेल तर जमेल तिथे रेडिएशन टाळायचं, नाहीतर त्याच जागी दुसरा कॅन्सर उगवू शकतो. फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला नेहमीच्या मात्रेत केमो दिली तर केमोच जीव घेऊ शकते. मेंदूची गाठ आणि अंगावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग दिसले की सगळे न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आजार आहे असं म्हणून मोकळे होतात. आई-वडील नात्यातले असतील तर थांबा. ते डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्याचं लक्षण असू शकतं. अशा गाठीला टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध फारसं लागू पडत नाही, आणि शरीराची प्रतिकारशक्ती वापरणारी इम्युनोथेरपी चांगली चालल्याची उदाहरणं आहेत. म्हणून मुलाचे सगळे कपडे उतरवून उजेडात त्वचा पाहा. मी खिडकीजवळ नेते, वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली फिके डाग दिसत नाहीत.

देखरेखीचं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. ली-फ्रॉमेनीसाठी टोरंटोच्या पद्धतीत दर तीन-चार महिन्यांनी सोनोग्राफी, वर्षातून एकदा मेंदूची आणि पूर्ण शरीराची एमआरआय असते. २०१६ च्या त्यांच्या अहवालात देखरेखीखालच्या लोकांपैकी सुमारे ८९ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, देखरेख न घेणाऱ्यांपैकी सुमारे ६०. चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास नाही, तरी फरक मोठा आहे. पण गडचिरोलीहून एसटीने येणाऱ्या बाईला, रोजी बुडवून, वर्षातून पाच फेऱ्या? मी सोनोग्राफी आणि अंगतपासणी कधीच सोडत नाही, एमआरआयसाठी जमेल ते करते. शंभर टक्क्यांचा आग्रह धरला की कुटुंब यायचंच थांबतं.

उलट काही वेळा तपासणीमुळे त्रास वाचतो. रेटिनोब्लास्टोमाच्या मुलाचा नेमका बदल कळला, तर पाठच्या बाळाची नाळेतल्या रक्तावर तपासणी होते. बदल नसेल तर त्या बाळाला दर काही आठवड्यांनी भूल देऊन डोळे पाहण्याची गरज उरत नाही. गरोदरपणातच तपासायचं असेल तर गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच, आणि मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करा. नाहीतर सगळी चर्चा तिकडे वळते.

पैसे कमी मिळतात. तुमचे बॅचमेट रामदासपेठेत दवाखाना टाकून फ्लॅट घेतील तेव्हा तुम्ही एथिक्स कमिटीच्या शंकांना उत्तरं लिहीत असाल. घरी आधी सांगून ठेवा.

थीसिससाठी रेटिनोब्लास्टोमा घ्या. नेत्र विभागाशी बोला, गेल्या दहा वर्षांच्या फाइली काढा. एक डोळा की दोन, निदानाचं वय, डोळ्यात पांढरी चमक पहिल्यांदा कुणाला दिसली आणि तिथून रुग्णालयात यायला किती दिवस गेले. बहुतेकदा ती चमक मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या बारशाच्या किंवा वाढदिवसाच्या फोटोत असते; जुने फोटो मागा, तारीख आपोआप मिळते. जे येतील त्यांची तीन पिढ्यांची वंशावळ काढा. आणि आई-वडिलांच्या डोळ्यांत औषध घालून पडदा तपासून घ्या. क्वचित एखाद्याच्या पडद्यावर बालपणीच आपोआप थांबलेल्या गाठीचा व्रण असतो आणि त्याला स्वतःला पत्ता नसतो. माझ्याकडे असे एक वडील होते, ट्रॅक्टर चालवायचे, नजर चांगली होती. त्या थेंबांनी चार-पाच तास धूसर दिसतं, तेव्हा मोटरसायकलवर एकटे येऊ नका, सोबत कुणाला तरी आणा, असं आदल्या दिवशी फोन करून सांगा.